दुहेरी नळी

छपरीचं दार उघडलं तेव्हा आधी वास आला.
पेट्रोलचा नाही,
सव्वीस वर्षांत पेट्रोलचं जे होतं त्याचा:
वार्निश, काकवी, बंद पेटी.

फियाट अकराशे, अडुसष्टची. रंग मूळचा दुधी,
टपावर गळतीनं काढलेला नकाशा.
मागच्या सीटमधला काथ्या उपसून
उंदरांनी डिकीत घर बांधलेलं,
त्या घराच्या भिंतीत फेरीबोटीचं एक तिकीट.
तेवढं मी खिशात घातलं. भाईंना दाखवलं नाही.

पाश्कोल मेस्त पिएदादचा. वय पंचाहत्तर, हात तिशीतले.
बॉनेट उघडून बराच वेळ नुसता बघत राहिला,
मग म्हणाला, "मरूंक ना गो. न्हिदल्या."
प्लगच्या भोकांतून रॉकेल आणि ऑइल ओतलं,
पाच दिवस कुणी शिवायचं नाही.
सहाव्या दिवशी पुलीच्या नटाला पाना अडकवून
दोघांनी जोर लावला.
इंजिन इतकंसं हललं,
झोपेत कूस बदलताना माणूस हलतं तेवढं.

भाई सोप्यावर पेपर वाचत होते.
त्या सकाळी त्यांनी पान उलटलं नाही.

काय ठेवायचं, काय काढायचं, यावर माझं नि मेस्तचं भांडण.
डायनामो काढून अल्टरनेटर बसवला, तो दोन दिवस कुरकुरला.
दिवे पिवळेच ठेवले. स्टिअरिंगखालचा गिअर ठेवला.
पुढचं अखंड सीटही, काथ्या नवा भरून.
सुहास स्विंडनहून रोज रात्री फोनवर:
रंग दाखव, हॉर्न वाजव, पट्टे बसवलेस का?
पट्ट्यांचं त्यानं तीनदा विचारलं.

मग ब्रेक.
पाश्कोलनं जुनी नळी कापून माझ्या तळहातावर ठेवली.
चारी चाकांना मिळून एकच.
कुठंही फुटली की पेडल थेट तळाला.
"तेन्ना अशेंच करताले," तो म्हणाला, जरा मोठ्यानं,
सोप्यापर्यंत जाईल इतकं. "चलोवप्याचो गुन्यांव ना."
पेपर खाली आला. पुन्हा वर गेला.

घरात हे कधी कुणी बोललं नव्हतं:
रविवार, दिवाडीच्या धक्क्याचा उतार, बोट अजून पलीकडे.
मी नऊ, सुहास पाच, आईच्या मांडीवर नेवऱ्यांचा डबा.
भाईंचा पाय खाली, आणखी खाली,
आणि हँडब्रेक ओढताना त्यांच्या गळ्यातून आलेला तो आवाज.
पुढची चाकं मांडवीत.
सुहासनं टाळ्या वाजवल्या.
कुणाला खरचटलंसुद्धा नाही.
संध्याकाळी ट्रॅक्टरनं ओढून घरी आणली, छपरीत ढकलली,
आणि त्यानंतर भाई बोटीत पायीच चढले,
कठड्यापासून लांब, मधोमध उभे.

आता पुढे डिस्क, भंगारातल्या मारुतीच्या.
सिलिंडर दुहेरी, नळ्या दोन,
एक गेली तर दुसरी धरते.
हवा निघेस्तोवर मी पेडल मारत होते
आणि मेस्त गाडीखालून ओरडत होता, आणीक, आणीक.
माझ्या पायाखाली काहीतरी हळूहळू घट्ट होत गेलं.

पासिंगला पणजीला न्यायची त्या दिवशी
भाई इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले,
न बोलावता पुढे बसले.
पट्ट्याचं बकल दोनदा चुकलं. मी मदत केली नाही.

उतारावर मी ब्रेक दाबला.
थांबली.
खाली पाणी, शेवाळ, कुणाचीशी तरंगती चप्पल.
बाजूला पाहिलं, तर भाईंचा उजवा पाय
नव्या मॅटमध्ये रुतलेला,
त्यांच्या बाजूला काहीच नाही तिथं.

बोटीवरच्या पोरानं काचेवर टकटक केलं,
"विकपाक काडल्या काय?"
"ना," भाई म्हणाले. "ब्रेक पळोवपाक."

फळी आपटली. आम्ही चढलो. इंजिन बंद केलं.
मांडवीच्या मध्यावर आलो
तरी त्यांनी पाय उचलला नव्हता.
मीही माझा ठेवला.